भागीबाईने दिलेली साक्ष

आमच्या मंडळीत कुणाचंही माणूस गेलं की चहाचं मोठं पातेलं माझ्याच घरून जातं. पाळकाची बायको होऊन आले तेव्हापासून हेच चाललंय. माझं नाव सगुणा, पण ते आता आमच्या ह्यांच्याशिवाय कुणाच्या तोंडी नाही. नाशिकातल्या ह्या चर्चच्या आवारात लहानथोर सगळ्यांची मी पाळकीणबाई. गुडघे गेलेत माझे. आलं ठेचायला बसले तर उठवायला माणूस लागतं. येत्या मे महिन्यात हे निवृत्त होणार, मग कुणी का जाईना, दुसरी कुणी चढवेल पातेलं, असं मी मनाशी म्हणते आणि तेवढ्यात दार वाजतं.

यंदा दिवाळीनंतर ते वाजवलं केरूनं. केरू पेठकडचा, इंदिरानगरला एका इमारतीच्या कामावर मजूर. केसांत माती, भुवयांत माती. "बाई, साहेब कुठं हायेत? हिरामण गेला," एवढं बोलला आणि पायरीवरच मटकन बसला.

हिरामण म्हणजे भागीबाईचा मुलगा, एकुलता एक. भागीबाई आमच्या आवारातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. पेठच्याही पलीकडच्या पाड्यावरची बाई. नवरा गेल्यावर तान्हं लेकरू कडेवर घेऊन भाताच्या हंगामानंतर कामाला म्हणून नाशकात उतरली ती परत गेलीच नाही. तिचा आणि पोराचा बाप्तिस्मा ह्यांनीच केला. बाई मोठी खमकी. नळावर भांडायला पहिली, गाण्यात आवाज सगळ्यांत वर, आणि वसतिगृहाच्या मुलींना कुणी किडका तांदूळ पाठवला तर दुकानदाराच्या दारात जाऊन पोतं उलटं करणारी. असल्या बाईचा पोरगा गेला.

कसा गेला ते केरूनंच सांगितलं. इमारतीच्या मागच्या बाजूला गटाराच्या पाइपासाठी खोल चर खणली होती. परतीचा पाऊस लांबलेला, माती पार भिजून फुगलेली. कडेला भेगा पडल्या होत्या. मजुरांनी ठेकेदाराला सांगितलं, फळ्यांचा आधार लावा, मग उतरतो. ठेकेदार म्हणाला, आज पाइप पडलाच पाहिजे, उतरायचं तर उतरा, नाहीतर उद्यापासून तोंड दाखवू नका. हिरामण उतरला, केरू उतरला. कड ढासळली तेव्हा केरू टोकाशी होता म्हणून वर आला. हिरामणला काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

दफनाला अख्खी मंडळी आली. ह्यांचं नाव शांतवन. शांतवन करण्यात ह्यांचं आयुष्य गेलं, आणि ते कसं करतात ते मला तोंडपाठ आहे. कुठं थांबतात, कुठं चष्मा काढतात, कुठं आवाज खाली आणतात, सगळं. "देवाच्या हाताबाहेर काहीही घडत नाही," हे म्हणाले. "त्याची योजना आपल्याला आज कळत नाही. ज्यानं हिरामणला दिलं, त्यानंच त्याला नेलं. म्हणून आपण कुरकुर करायची नाही." नव्वदीच्या म्हातारीपाशी हे वाक्य बरं वाटतं हो. आपण मान हलवतो, डोळे पुसतो, चहा पितो. पण समोरच्या पेटीत लग्नाला आलेला पोरगा होता. मला ते वाक्य त्या दिवशी खटकलं. बोलले मात्र नाही, कारण पातेल्यातलं दूध उतू चाललंय असा निरोप घेऊन एक पोरगी येऊन उभी होती.

केरू मात्र बोलला. माती लोटताना मागून त्याचा आवाज आला, "योजना कसली साहेब? ठेकेदारानं उतरवला त्याला." चारपाच जणांनी त्याला गप केलं. भागीबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती गात होती. डोळ्यात टिपूस नाही, आणि गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं तिनं. सगळे म्हणाले, काय विश्वास आहे बाईचा! मी पण म्हणाले असेन.

मग एका दुपारी संध्या आली. संध्या आमच्याच रविवारच्या शाळेतली मुलगी, आता कोर्टात वकिली करते. हिरामणच्या केसचं कुठवर आलं ते बघते म्हणून ती आपणहून पोलिसांत गेली होती. आली ती चप्पल न काढताच घरात.

"काकू, केस नाहीच आहे," म्हणाली. "अकस्मात मृत्यू म्हणून नोंद करून मोकळे झालेत."

"अगं, असं कसं? केरूनं सगळं सांगितलंय की."

"केरूचं कोण ऐकतंय? सख्खी आई म्हणतेय तक्रार नाही. हे बघा." तिनं मोबाइल पुढं केला. भागीबाईचा जबाब होता. माझ्या मुलास देवाने नेले आहे, माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही, सदरचा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली भागीबाईची सही. ती सही मीच शिकवली होती तिला, स्त्रीमंडळात.

माझं डोकंच फिरलं. दुसरं काय मनात येणार? ठेकेदारानं दम दिला असणार, नाहीतर गोड बोलून फसवलं असणार. गुडघे विसरून मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले. संध्या मागं. भागीबाई लाल भोपळा चिरत बसली होती.

"भागीबाई, कोण आलं होतं तुझ्याकडं? खरं सांग. कुणी शिकवलं तुला पोलिसांत तसं बोलायला?"

"कसं?"

"तक्रार नाही म्हणून सांगितलंस ना तू?"

"व्हय. साक्ष दिली मी." तिनं विळी बाजूला सारली. "तो जमादार बोलला, मावशी, तुमची साक्ष पायजे. मी बोलली, देते की. उभी राहिली, पदर घेतला डोक्यावर, सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम केला, न् दिली. एकदापण अडखळली नाय, बाई. तो बोलला, कुणावर तक्रार हाय का? मी मोठ्यानं बोलली, माझी कुणावर तक्रार नाय. सगळं ठाणं गप झालं होतं."

मी भोपळ्याकडं बघत राहिले. आता बाहेरच्यांना हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमच्या उपासनेत साक्ष म्हणजे काय, तर गाणं झालं की ज्याला वाटेल त्यानं उठायचं, सगळ्यांना सलाम करायचा आणि आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगायचं. आजार आला, गेला. नोकरी सुटली, लागली. माणूस वारलं, धीर मिळाला. आणि शेवट ठरलेला: माझी काही तक्रार नाही, देवाचं गौरव असो. भागीबाईनं शेकडो साक्षी ऐकल्या, कित्येक स्वतः दिल्या. जमादारानं साक्ष मागितली, तिनं ती दिली. बिचारा जमादार तरी काय करणार, त्यानं उतरवून घेतली. काही झालं की माझ्या माहेरच्या शेजारणी 'कर्म माझं' म्हणून कपाळ बडवायच्या. आम्हा ख्रिस्ती बायकांना तेही म्हणायची चोरी. मी नुसतीच पाटावर बसले.

आणि भागीबाईच्या तोंडावर चक्क अभिमान होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा जरा उजळलेला पाहिला, तोही ह्या गोष्टीसाठी.

संध्यानं तिला समजावलं. पोलिसांतली साक्ष वेगळी असते मावशी, तिथं कुणी काय केलं ते सांगायचं.

"देवानं केलं," भागीबाई म्हणाली.

"आणि ठेकेदारानं?"

"तो कोण लागून गेलाय? साहेबांनी कबरीपाशी काय सांगितलं? देवाच्या हाताबाहेर काय नाय. मग ठेकेदार काय देवाहून मोठा हाय?"

संध्या म्हणाली, पुरवणी जबाब देता येतो, अजून वेळ गेलेली नाही. पण लवकर दिला पाहिजे. केरू सांगत होता, त्याच चरीत दुसरी माणसं उतरवलीत. सुरगाण्याकडची नवी टोळी आणलीय, त्यांना काही माहीतसुद्धा नाही. फळी अजून लावलेली नाही.

हे ऐकून भागीबाईचा हात थांबला खरा. पण ती म्हणाली, "देवापुढं उभी राहून दिलेली साक्ष फिरवू? नाय जमायचं मला." आणि पुन्हा विळी पुढं ओढली.

घरी आले तर हे व्हरांड्यात बसून रविवारच्या उपदेशाची तयारी करत होते. मी चहा दिला नाही. आधी बोलले.

"अहो, तुमच्या उपदेशानं ठेकेदार सुटला."

ह्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. साक्ष, सलाम, जमादार, नवी टोळी, सगळं. हे ऐकत गेले आणि खुर्चीत खचत गेले. शेवटी म्हणाले, "मी असं म्हटलं नव्हतं, सगुणा."

"तेच म्हटलंत. मी मागंच उभी होते, कान होते मला."

"देव घडवतो ते वेगळं आणि देव घडू देतो ते वेगळं. माणसाला त्यानं मोकळं सोडलंय. माणूस पाप करतो ते त्याचं स्वतःचं. देव त्यातूनही..."

"हे वेगळं आहे होय? मग पेटीपाशी का नाही सांगत हे?"

"पेटीपाशी माणसाला बारीक अक्षर दिसत नाही," हे म्हणाले. "तिथं एकच वाक्य द्यावं लागतं. धरून उभं राहता येईल असं."

"ती राहिली की उभी. ठाण्यात जाऊन उभी राहिली. तुमचं वाक्य धरून."

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण मी थकले होते हो. किती वर्षं मी हे ऐकतेय. सटाण्याला होतो तेव्हा बाळंतपणात गेलेल्या पोरीपाशी ऐकलं, एकलहऱ्याच्या वसाहतीत तापानं गेलेल्या लेकरापाशी ऐकलं. दरवेळी देवाची योजना. मला कधी विचारावंसं वाटायचं की ह्या योजनेत आमच्यासारख्यांचीच नावं इतकी कशी येतात? पण विचारायचं कुणाला? पाळकाच्या बायकोनं असलं विचारलं तर मंडळीत काय होईल! म्हणून चहा उकळायचा.

ह्यांनी उपदेशाची वही मिटली. मग म्हणाले, "तुला वाटतं मला प्रश्न पडत नाही? देव चांगला आहे आणि सगळं त्याच्या हातात आहे, ह्या दोन गोष्टी मी दोन खांद्यांवर घेऊन चालतोय. कुठलीही एक खाली ठेवली तर सोपं होईल. ठेवता येत नाही. पण दमलोय मी आता."

 मी उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींची जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघं भागीबाईच्या खोलीवर गेलो. खोली म्हणजे वसतिगृहाच्या मागची पत्र्याची. तिनं ह्यांना खुर्ची दिली, मला खाटेवर बसवलं आणि आपण उंबऱ्यापाशी टेकली. ह्यांनी प्रार्थनेनं सुरुवात केली नाही. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"भागीबाई," हे म्हणाले, "हिरामणला ठेकेदाराच्या हलगर्जीपणानं मारलं. ते पाप आहे. पापाला देवाची इच्छा म्हणायचं नसतं. कबरीपाशी मी जे बोललो ते अर्धवट बोललो. ते माझं चुकलं."

मला वाटलं ती रडेल. ती चिडली. नळावरची भागीबाई होती ती, आमच्या ओळखीची.

"आत्ता सांगता होय?" ती म्हणाली. "हिरामणचा बा मेला तवा मी लहान पोर घेऊन तुमच्या दारात आली. तवा काय सांगितलं? देवानं नेला. मी धरलं ते. मग माझी आई मेली, तवापण धरलं. आता ह्या वक्ताला तुमी येऊन बोलता देवानं नाय नेला? मग कुठं हाय माझा पोर? सांगा ना! देवानं नेला तर तो देवाकडं हाय. ठेकेदारानं मारला तर कुठं हाय? त्या चरीत हाय का?"

मला आजवर वाटायचं की ती बाई भोळी आहे, शिकवलेलं बोलते. तसं काही नव्हतं. तिनं ते वाक्य सोडलं असतं तर तिच्या पोराला ठेवायला तिच्याकडं जागाच उरली नसती. 

हे खुर्चीवरून उठले. मला वाटलं निघाले. तर जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले, ह्यांच्या त्या दुखऱ्या कमरेनं.

"तो देवाकडंच आहे," म्हणाले. "ते मी खोटं बोललो नाही. ते अजून तसंच आहे. पण देवानं त्याला घेतलं, म्हणून ठेकेदारानं त्याला चरीत उतरवलं ते बरोबर ठरत नाही. आपल्या प्रभूचं काय झालं? वधस्तंभावर जाणं देवानं ठरवलेलंच होतं, असं आपण म्हणतो ना? पण म्हणून खिळे ठोकणाऱ्यांना कुणी शाबासकी दिली नाही. ज्यानं त्याला धरून दिलं त्याला कुणी म्हटलं नाही की जा बाबा, तू देवाचं काम केलंस. दोन्ही खरं आहे. कसं, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही."

मी ह्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे लग्नापासून ऐकलं नव्हतं. चाव्या कुठं ठेवल्या विचारलं तरी ह्यांना माहीत असतं.

भागीबाई जरा वेळ पदराशी चाळा करत होती. मग तिनं विचारलं, "त्याची आई होती ना तिथं? मरीया?"

"होती."

"तिनं काय साक्ष दिली?"

"शास्त्रात नाही ते," हे म्हणाले. "ती तिथं उभी होती एवढंच आहे."

"काहीच नाय बोलली?"

"लिहिलेलं नाही."

"मग लिवणारे बाप्येच असतील," भागीबाई म्हणाली. मला हसू फुटलं, त्या घरात, त्या वेळी! तीही किंचित हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. दफनाच्या दिवशी जे आलं नव्हतं ते सगळं आलं. मी तिला धरून बसले. हे तसेच जमिनीवर. जाताना ह्यांनी एवढंच सांगितलं की उद्या सकाळी संध्या फाटकापाशी येणार आहे, तुला वाटलं तर ये. ती "नाय येणार" म्हणाली.

सकाळी फाटकापाशी गेलो तर ती आमच्या आधी येऊन उभी. रविवारचं पातळ नेसली होती. केरूही होता. त्याला कुणी बोलावलं होतं कुणास ठाऊक. संध्या आली तशा दोन रिक्षा केल्या.

ठाण्यात तोच जमादार होता. वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोळ्याखाली काळं आलेलं, टेबलावर फायलींचा ढीग, त्यावर वडापावचा कागद. त्यानं भागीबाईला ओळखलं.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना गेल्या वेळी? तक्रार नाही म्हणून? मी काय माझ्या मनचं लिहिलं का?"

"तुमची चूक नाय. तुमी साक्ष मागितली, मी आमच्या देवळातली दिली. आता तुमच्यातली देते." ह्या खेपेला तिनं सलाम केला नाही आणि उभीही राहिली नाही. खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. चर केवढी खोल होती, माती कशी फुगली होती, भेगा कधीपासून दिसत होत्या, फळ्या मागितल्या तेव्हा ठेकेदार काय बोलला. केरू मधे मधे भर घालत होता. आता तिथं सुरगाण्याची माणसं उतरतायत हेही तिनं सांगितलं, आणि म्हणाली, "त्यांच्या आया अजून घरी भाकऱ्या थापतायत. आधी तिथं माणूस पाठवा, मग माझं लिवा."

जमादारानं तिच्याकडं पाहिलं, मग संध्याकडं. संध्या वकिली आवाजात म्हणाली की हे आता तुमच्या कानावर घातलेलं आहे. त्यानं आत जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगितलं. एक शिपाई मोटारसायकल घेऊन गेला. गेला तो तिथंच गेला असेल अशी आशा धरली आम्ही. मग जमादार लिहायला बसला. ठेकेदाराने हलगर्जीपणा केल्यामुळे, सूचना देऊनही आधार न लावल्यामुळे, असं त्याच्या त्या भाषेत. वाचून दाखवलं. भागीबाईनं मान डोलावली.

"पण ते देवानं नेला, ते खोडू नका," ती म्हणाली. "ते पण खरं हाय. दोन्ही लिवा."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "मावशी, अहो, दोन्ही कसं लिहू? देवानं नेला लिहिलं तर उद्या कोर्टात त्यांचा वकील उठून म्हणेल, बघा, आईच म्हणतेय देवानं नेला, मग माझ्या अशिलाला कशाला धरता? एक काहीतरी सांगा. देव की ठेकेदार?"

संध्यानं हळूच तिच्या हातावर हात ठेवला. बरोबरच होतं जमादाराचं. मी ह्यांच्याकडं पाहिलं.  भल्याभल्यांना ज्याचं उत्तर देता आलं नाही ते त्या टेबलावर एका ओळीत मागितलं जात होतं, आणि ते द्यायचं होतं पोर गेलेल्या बाईनं.

भागीबाईनं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. बाहेर कुणीतरी हवालदाराशी गाडीवरून हुज्जत घालत होतं.

"मग देवाचं नका लिवू," ती म्हणाली. "ठेकेदाराचं लिवा. माझी तक्रार हाय. मोठ्या अक्षरात लिवा."

जमादारानं पेन उचललं.

"न् देवावरपण हाय," ती म्हणाली. "तिथं वर बसून बघत होता ना तो? त्याच्या हातात होतं ना सगळं? मग मातीला धरायला काय झालं होतं? ते मी त्याला इचारणार हाय. पण ते तुमच्यात नका घेऊ. ते माझं न् त्याचं."

जमादारानं कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत.

बाहेर आलो तर ऊन चढलं होतं. संध्या कोर्टात जायला निघाली, केरू तिच्याबरोबर गेला. भागीबाई चपला घालत होती. हे तिच्यापाशी गेले. मला वाटलं आता हे काहीतरी सांगणार, धीराचं, देवाविषयी असं बोलू नये वगैरे. इतक्या वर्षांची सवय. मी मनातून तयारच होते ह्यांना अडवायला.

"भागीबाई," हे म्हणाले, "ते देवाला विचारायला बसशील तेव्हा मला बोलाव. मी येईन तुझ्याबरोबर."

तिनं ह्यांच्याकडं नीट बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच तिनं ह्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं असेल, साहेब म्हणून न बघता.

"या की," ती म्हणाली. "तुमची पण तक्रार असंल."

"आहे," हे म्हणाले.